उलट्या घडीचे पेले

क्योहेईने पेल्यात पाणी ओतलं, आणि तळाशी बसलेला नवरदेव अलगद वर आला.

खरं तर तो जागचा हललाही नव्हता. तो पाण्यात नव्हताच. काचेच्या पलीकडे होता, पेल्याच्या बुडाला बाहेरून चिकटवलेला, आणि त्याच्या पाठीमागे काळ्या रोगणाचे तीन हात बसले होते. पण पाणी पडलं की काच जणू निघूनच जायची. नखाएवढा माणूस, शिंपल्याच्या पापुद्र्यातून कापलेला, काळ्याभोर पाण्यात तरंगायचा. त्याचा झगा निळा, पेला कलता केला की हिरवा, अजून कलता केला की जांभळा. दुसऱ्या पेल्यात नवरी होती. तिच्या केसांतली फणी तांदळाच्या टोकाएवढी, आणि त्या फणीला दातही होते. मी मोजले, सात.

मी दारातच उभी होते. आमची तान्ही लेक नाओ छातीशी झोळीत होती आणि ओलं रोगण असलेल्या खोलीत तिला न्यायची मनाई होती. मी लग्न होऊन ताकाओकाला आले तेव्हा रोगणाच्या झाडाच्या चिकाच्या नुसत्या वासाने माझं तोंड पंधरा दिवस भोपळ्यासारखं सुजलं होतं. क्योहेईने पेला बाहेर आणून माझ्या हातात दिला. तीन वर्षं माझा हा नवरा काचेवर रोगण धरत नाही म्हणून झुरत होता. गरम पाणी लागलं की सालपटं निघायची, मागच्या अंगणात फुटक्या काचांचा ढीग झाला होता. आज पाणी ओतलं, धुतलं, पुसलं, काही निघालं नाही.

नाओच्या अंगड्याचा बंद सुटला होता. मी पेल्यात बघत बघतच एका हाताने तो बांधायला घेतला. उजवी बाजू आत, डावी तिच्यावर, मग गाठ. दिवसातून दहा वेळा करते, डोळे मिटूनही करीन. आणि तो हात मधेच थांबला.

पेल्यातल्या नवरदेवाची डावी बाजू आत होती. उजवी वर.

मी दुसरा पेला घेतला. नवरीचंही तेच.

जिवंत माणसाची घडी एकाच बाजूने पडते. उलटी घडी आयुष्यात एकदाच, आणि तीही आपली आपण घालत नाही; दुसरं कुणीतरी घालतं, आणि मग वर पांढरं पांघरतात.

मी पेला क्योहेईपुढे धरून बोट दाखवलं. तो बघत राहिला. मग आत जाऊन त्याने खणातून आपलं रेखाटन आणलं. ते बरोबर होतं. म्हणजे कागदावर उलटं होतं, मुद्दाम उलटं केलेलं, कारण बाहेरून चिकटवलेलं चित्र आतून बघितल्यावर फिरतं. कागदावर मेलेल्याची घडी, तर पेल्यात जिवंत माणसाची. त्याने सगळा हिशोब नीट केला होता. वाटेत कुणीतरी तो सुधारला होता.

कुणी, हे विचारायची गरज नव्हती. शिंपला कापणारं आमच्याकडे एकच माणूस आहे.

तोमिएसान आमच्या घरात बावन्न वर्षं काम करतात. सासऱ्यांच्या वडिलांनी त्यांना ठेवलं, सासऱ्यांच्या हाताखाली त्या म्हाताऱ्या झाल्या, आणि सासरे गेल्यावर क्योहेई टोकियोहून परत आला तेव्हा त्या वरच्या, जेमतेम तीन चटया मावणाऱ्या खोलीत खिडकीशी तशाच बसलेल्या होत्या. ठेंगणी, गोल मानेची बाई. सकाळी आठला येणार, जिना चढताना चौथ्या पायरीवर एकदा थांबणार, डबा खिडकीच्या कट्ट्यावर ठेवणार. डब्यात बहुतेक वेळा समुद्रशेवाळात गुंडाळलेला भाताचा गोळा. मग संध्याकाळपर्यंत फक्त सुईचा आवाज, टिक, टिक. तोही जिन्यात कान देऊन उभं राहिलं तरच ऐकू येणारा.

शिंपल्याचा पापुद्रा त्यांच्यापुढे येतो तेव्हा कांद्याच्या आतल्या पडद्यापेक्षा पातळ असतो. शिंकलं तर उडून जातो. त्या श्वास सोडताना मान बाजूला वळवतात; इतक्या वर्षांत ती सवय एवढी भिनलीय की भाजीवाल्याशी बोलतानाही वाक्य संपलं की मान वळवतात. त्यांनी कापलेलं पाखरू, लाट, गवताचं पातं देशभर कुणाकुणाच्या घरात असेल. त्यांचं नाव कशावरही नाही. खोक्यावर आमच्या दुकानाचं नाव असतं, आणि त्याबद्दल त्यांना कधी काही वाटल्याचं मला दिसलं नाही. एकदा मी विचारलंही. त्या म्हणाल्या, गवताला नाव असतं का गं, ते नुसतं हललं पाहिजे.

काचेचं खूळ त्यांना पहिल्या दिवसापासून पटलं नव्हतं. आमच्या कामात शिंपला आधी चिकटवतात, वरून रोगणाखाली पार बुडवतात, आणि मग कोळशाने घासत घासत त्याला पुन्हा वर काढतात. तो वर येताना कुठे खपली आहे, कुठे कोपरा उचललाय ते कळतं, सावरता येतं. काचेवर घासायला जागाच नाही. शिवाय सगळा क्रम उलटा. जे डोळ्यांना सगळ्यांत पुढे दिसणार ते सगळ्यांत आधी लावायचं. आधी फणी, मग केस, मग डोकं. तोमिएसान म्हणाल्या होत्या, "दागिने आधी आणि माणूस मागाहून? अशी लग्नं टोकियोत होत असतील." क्योहेई हसला होता. त्या त्याला धाकटे मालक म्हणायच्या, पण "नाक पूस" म्हणावं तशा स्वरात.

पण त्या कबूल झाल्या. का, ते त्यांनी सांगितलं नाही. हिमीच्या बंदरावरचे एक गृहस्थ आले होते, मासेमारी नौकांची इंजिनं दुरुस्त करणारे. काळी नखं, गाठीला चांगली भरीव माया. मुलगी याच वसंतात सासरी गेलेली. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात मुलीच्या माहेराहून जावयाकडे अख्खा बुरी मासा जातो. त्याच्यासोबत त्या गृहस्थांना पेल्यांची जोडी पाठवायची होती. त्यांनी क्योहेईचा नमुन्याचा पेला उजेडाला धरला आणि म्हणाले, हे समुद्रात वाकून बघितल्यासारखं आहे. तोमिएसान त्या वेळी जिन्यात उभ्या होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी काच मागून घेतली.

आणि मग रेखाटनातली ती घडी त्यांना दिसली असणार. मी डोळ्यांपुढे आणू शकते. ह्या पोराला एवढंही ठाऊक नाही, त्यांना वाटलं असेल. बाप असता तर मेला असता लाजेने. आणि पोराला चारचौघांत खाली बघायला लागू नये म्हणून त्यांनी ते कुणाला न सांगता, सुईच्या टोकाने, दोन्ही माणसांचं नीट करून टाकलं.

त्या रात्री क्योहेईने ठरवलं की चूक आपल्या अंगावर घ्यायची. सकाळी त्या आल्या. त्यांनी जिना चढण्याआधीच पेले बघायला मागितले. त्याने दिले, आणि रेखाटन करताना माझ्याकडून घोळ झाला असं पाठ केलेलं वाक्य म्हटलं. तोमिएसाननी पेल्यात बराच वेळ बघितलं. आधी एकात, मग दुसऱ्यात, मग पेला उपडा करून काळ्या बुडाकडे, जणू तिथून काही दिसणार होतं.

"खोटं बोललास की तुझे कान लाल होतात," त्या म्हणाल्या. "तीन वर्षांचा होतास तेव्हापासून."

त्यांनी पेले खाली ठेवले, कमरेचं फडकं सोडलं, चौकोनी घडी करून पायरीवर ठेवलं आणि लवून नमस्कार केला. एवढ्या खाली की मला त्यांच्या मानेवरची पांढरी लव दिसली. बावन्न वर्षांत असा नमस्कार त्यांनी कामाला लागल्या त्या दिवशी एकदाच केला असेल. मग त्या गेल्या.

दुसऱ्या दिवशी आठ वाजले. चौथी पायरी वाजली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

डिसेंबर लागला होता. समुद्रावर हिवाळी ढगांचा पहिला गडगडाट झाला की बुरी किनाऱ्याला येतात, आणि तो कधीही होईल अशी हवा होती; मासा आला की पेले हवेत. क्योहेईने स्वतः कापून बघितलं. सहा पापुद्रे मोडले, सातव्यातून निघाला तो झगा घातलेला बटाटा होता. तो चिडला नाही, तुकडे कागदात गोळा केले. मग म्हणाला, पेल्यांचं राहू दे, मी हिमीला जाऊन माफी मागीन. पण त्या परत आल्या नाहीत तर मला समजणार कसं, मी काय मोडलंय ते. आम्हाला दोघांनाही कळत होतं की शहात्तराव्या वर्षी सोडलेली सुई माणूस पुन्हा उचलत नाही. आणि आपण चुकलो, एवढंच शेवटचं घेऊन त्या त्यांच्या घरात बसणार होत्या.

मी नाओला झोळीत घेतलं, भाताचे दोन गोळे शेवाळात गुंडाळले आणि त्यांच्याकडे गेले. त्यांचं घर ओतकामाच्या जुन्या गल्लीत आहे. एइकिचीसान, त्यांचे यजमान, तिथल्याच भट्टीवर कांस्य ओतायचे, देवळातल्या घंटा. एक्केचाळिसाव्या वर्षी फुप्फुसाने गेले. त्याला आता अडतीस वर्षं झाली. मी त्यांना फक्त देवघरातल्या फोटोत बघितलंय. मोठे कान, हसू दाबून धरलेलं.

तोमिएसाननी मला बघून आश्चर्य दाखवलं नाही. नाओला झोळीतून सोडवून घेतलं, मांडीवर ठेवलं. मी माफी मागायला लागले तर त्यांनी हाताने थांबवलं. चहा झाला. बराच वेळ त्या नाओच्या अंगड्याच्या बंदाशी खेळत होत्या. मग आपणहून बोलल्या, माझ्याकडे न बघता.

"मला वाटलं त्याला माहीत नाही. पण ते सगळं खरं नाही. उलटं करण्यामागे काही कारण असेल, एवढी अक्कल आहे मला. विचारता आलं असतं." त्यांनी मान बाजूला वळवली, श्वास सोडला. "हात वळेना. ती घडी माझ्या हातांनी एकदाच घातलीय. ह्यांची. लोक म्हणाले आम्ही घालतो, मी म्हटलं नको, बाहेर काढलं सगळ्यांना. घातली. बोटाला शिंपल्याचा कण चिकटलेला होता, तो गळ्याशी राहिला. निळा. काढायला गेले आणि म्हटलं असू दे."

त्या पुढे म्हणाल्या की एइकिचीसान तिला रोज चिडवायचे, माशीचे पंख कापतेस आणि पोट भरतेस. पण संध्याकाळी घरी आले की दिव्याखाली बसवून तिच्या गालावरचे, भुवईवरचे कण एकेक करून वेचायचे आणि डबीत ठेवायचे. डबी अजून आहे. त्या असं 'ती' म्हणाल्या, जणू दुसऱ्याच कुणा मुलीबद्दल सांगत होत्या.

नाओला भूक लागली, मी तिला घेतलं. पाजता पाजता मी हळूच विचारलं, की पेल्यात बघणाऱ्याला जिवंत दिसावं म्हणून आपल्या बाजूने ती घडी घालावी लागणार असेल, तर? त्या चहाची भांडी गोळा करू लागल्या. पण आम्ही निघालो तेव्हा त्या दारापर्यंत आल्या आणि विचारलं, "त्या शहाण्याने किती पापुद्रे मोडले?"

"सहा. सातव्याचा बटाटा झाला."

त्या आत वळल्या, आणि त्यांचे खांदे हलले. रडल्या का हसल्या, पाठमोऱ्या होत्या, कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी आठ वाजता चौथी पायरी वाजली.

त्यानंतरचे चार दिवस मी विसरणार नाही. कापणं आणि चिकटवणं हे सुईचं आणि सरसाचं काम, त्यात रोगण नसतं, म्हणून तोमिएसाननी मला नाओसकट वर बोलावून घेतलं. त्यांनी क्योहेईचं रेखाटन समोर ठेवलं आणि ह्या वेळी त्याच्यावरून नजर काढली नाही. हात मात्र ऐकत नव्हता. सुई गळ्याच्या रेषेपाशी आली की आपोआप दुसऱ्या बाजूला वळू बघायची, जशी गाय ओळखीच्या वाटेला वळते. त्या थांबायच्या. हात मांडीवर ठेवायच्या. पुन्हा घ्यायच्या. पहिल्या दिवशी एकच पट्टी झाली, केसाहून बारीक, आणि संध्याकाळी त्यांच्या कपाळावर घाम होता, बाहेर बर्फ पडत असताना.

तिसऱ्या दिवशी त्यांनी एक युक्ती काढली. पेला उलटा धरून बुडावर त्या तुकडे लावणार आणि मी खालून, तोंडाच्या बाजूने, आत बघणार. म्हणजे मी जमिनीवर पाठीवर आडवी, नाओ माझ्या पोटावर, आणि माझ्या डोळ्यांवर पेला. वर तोमिएसानचा चेहरा काचेतून, मोठा आणि वाकडा. त्यांच्या ओल्या कुंचल्याच्या टोकावर एक निळा ठिपका यायचा आणि काचेला टेकायचा. आधी नवरीच्या फणीचे दात. मग केस. मग गळ्याची वरची पट्टी, मग तिच्यामागची. मी सांगायचं, "डावी वर दिसतेय." त्या म्हणायच्या, "मला उजवी." आणि पुढचा ठिपका.

नवरी झाली, आणि मग नवरदेवाच्या पेल्यात माझ्या डोळ्यांपुढे एक माणूस आकाशातून उतरत होता. तुकड्या-तुकड्याने, कपड्यांपासून सुरुवात करून. शेवटी चेहरा आला, आणि तो लागला त्या क्षणी बाकीचं सगळं त्याचं झालं. कपडे त्याचे झाले, घडी त्याची झाली. मी श्वास धरून पडून होते. माझ्या बाजूने एक नवरदेव होता, लग्नाला निघालेला. आणि त्याच्याच पाठीमागे, तोमिएसानच्या बाजूने, त्या दुसऱ्याच कुणाला तरी बघत होत्या, आणि त्यांचा हात हलला नाही.

"झालं का?" मी खालून विचारलं.

"झालं," त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, "ह्या वेळी लोकांना बाहेर काढावं लागलं नाही."

क्योहेईने रोगणाचे हात दिले. दमट कपाटात पेले वाळायला ठेवले. आमचं रोगण ओलाव्यातच वाळतं, ह्याचं मला अजून नवल वाटतं. दुसरा हात बसला त्या दुपारी समुद्राकडून गडगडाट आला, लांबलचक, खिडक्या थरथरवणारा. नाओ दचकून रडली आणि खाली गल्लीत कुणीतरी टाळी वाजवून म्हणालं, आले. बुरी आले.

इंजिनवाले गृहस्थ तिसऱ्या दिवशी पेले न्यायला आले. क्योहेईने त्यात पाणी ओतलं. त्यांनी आपल्या काळ्या नखांच्या हातात पेला धरला, तोंडाजवळ नेला आणि प्यायचंच विसरले. मग म्हणाले, हे कुणी केलं? क्योहेईने जिन्याकडे बघितलं. तोमिएसान तिथे नव्हत्या. वर टिक टिक चालू होती. तो म्हणाला, आमच्याकडे तोमिए मियाझावा म्हणून आहेत. नवीन खोक्यावर त्याने ते नाव आधीच लिहून ठेवलं होतं, दुकानाच्या नावाशेजारी. तोमिएसाननी ते बघितलं तेव्हा फक्त एवढंच म्हटलं की अक्षर बापापेक्षा वाईट आहे.

उरले ते पहिले दोन पेले. सदोष माल वर्षअखेरीला फोडून टाकायचा हा आमच्या घरचा नियम आहे, सासऱ्यांच्या वडिलांपासूनचा. क्योहेई हातोडी घेऊन अंगणात गेला तेव्हा तोमिएसान त्याच्यामागे गेल्या आणि म्हणाल्या, हे मला दे. इतक्या वर्षांत त्यांनी आमच्याकडे काही मागितलं नव्हतं. त्याने दिले.

नाओचे शंभर दिवस नव्या वर्षात भरणार होते. त्या दिवशी बाळाच्या ओठांना पहिला घास लावतात, आणि तो घरातल्या सगळ्यांत वयस्क बाईने लावायचा. आमच्या घरात आता तशी कुणी नाही. मी नाओला घेऊन तोमिएसानकडे आमंत्रण द्यायला गेले. त्या म्हणाल्या, मी कोण लागते? मी म्हटलं, तुम्हाला ठाऊक. त्या आत चहा करायला गेल्या आणि मी देवघरापुढे बसले.

एइकिचीसानच्या फोटोपुढे पेला होता. आतमध्ये साके, तांदळाची दारू, काठोकाठ. मी वाकून बघितलं. नवरदेव तरंगत होता, निळा, मान हलवली की हिरवा. उजवी बाजू वर.

तोमिएसान मागे येऊन उभ्या राहिल्या. "आतून उलटं आहे," त्या म्हणाल्या. "पण ते आता आतून कुठे बघतायत. त्यांच्या बाजूने नीट आहे."

काळ्या बुडाखाली, जिथून कुणालाच काही दिसत नाही, तिथून. मी मान हलवली. माझ्या तोंडून निघून गेलं, की दुसरा कुठे आहे, नवरीचा?

त्यांनी खालचा खण ओढला. आत पांढरा झगा होता, इस्त्री केलेला, घडी घातलेला. ह्या वयाच्या बायका शेवटच्या दिवसासाठी तयार ठेवतात तसा. त्याच्यावर कागदात गुंडाळलेला पेला आणि शेजारी एक छोटी डबी. त्यांनी मला ते नीट बघू दिलं आणि खण परत लावला.

नाओच्या अंगड्याचा बंद पुन्हा सुटला होता. मी हात पुढे केला, पण तोमिएसान आधीच खाली बसल्या होत्या. त्यांनी दोन्ही बाजू सरळ केल्या, उजवी आत सारली, डावी तिच्यावर आणली आणि बोटांनी गळ्याशी दोनदा चापून बसवली. मग मान बाजूला वळवून श्वास सोडला आणि गाठ मारली.